दादाभाई नौरोजी आणि निबंधाची शाळा
दादाभाई नौरोजी (१८२५–१९१७) यांची कीर्ती राजकारणातील असली, तरी त्यांच्या विचारपद्धतीचे मूळ मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील निबंधलेखनात आढळते. प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ मध्ये तेथे विद्यार्थ्यांची साहित्य व विज्ञान सभा स्थापन झाली. तिच्या प्रवर्तकांत दादाभाई होते. विद्यार्थी निबंध लिहून सभेत वाचीत व त्यांवर वाद होई. मराठी आणि गुजराती शाखांमुळे हा परिपाठ देशी भाषांत उतरला. स्त्रीशिक्षणावरील अशाच एका निबंधातून चालना मिळून १८४९ मध्ये सभासदांनी कन्याशाळा काढल्या; दादाभाईंनी तेथे विनावेतन शिकविले. १८५५ मध्ये ते प्राध्यापकपद सोडून इंग्लंडला गेले. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची त्यांची मीमांसाही १८७६ मध्ये वाचलेल्या निबंधरूपानेच मांडली गेली.