रखमाबाईंचा नकार

दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दाखल केलेला दावा वरकरणी साधा होता. पत्नी नांदायला येत नाही, तिला सासरी जाण्याचा हुकूम व्हावा, एवढीच त्यांची मागणी होती. प्रतिवादी रखमाबाईंच्या उत्तराने मात्र साऱ्या समाजाला अस्वस्थ केले. अजाणत्या वयात, संमतीशिवाय लागलेले लग्न सज्ञान स्त्रीवर बंधनकारक कसे, असा प्रश्न त्यातून उभा राहिला.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत, सुतार समाजातील कुटुंबात झाला. वडील त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीची मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे केली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न झाले, पण त्या माहेरीच राहिल्या. सावत्र वडिलांच्या सुविद्य घरात त्यांना वाचनाची गोडी लागली. पती-पत्नी कधीच एकत्र राहिले नव्हते.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबर १८८५ मध्ये दावा फेटाळला. मुळात हा उपाय हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. तो इंग्लंडच्या चर्च न्यायालयांतून भारतात आला होता. जो संसार सुरूच झालेला नाही, तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कसा द्यावा, असा न्यायमूर्तींचा सवाल होता. अपिलात हा निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी महिनाभरात पतीकडे जाण्याचा आणि न गेल्यास सहा महिने कैदेचा हुकूम सुनावला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

विरोधाभास असा, की ज्या इंग्लंडमधून हा उपाय आला, तेथे अशा हुकमाच्या अवज्ञेबद्दलची कैद १८८४ सालीच रद्द झाली होती. इकडे मात्र त्या परक्या तरतुदीला स्वधर्माचे कवच लाभले. टिळकांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंविरुद्ध भूमिका घेतली, बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने बालविवाहावर पत्रे लिहिणारी व्यक्ती रखमाबाईच आहे, हेही एव्हाना लोकांना कळले होते.

अखेर जुलै १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हुकमाची अंमलबजावणी सोडून दिली. कैद टळली. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ स्त्रियांवर उपचार केले.

त्या दवाखान्यात रमल्या, पण त्यांनी उभा केलेला प्रश्न कायद्याचा पाठलाग करीत राहिला. या खटल्याने तापलेल्या वातावरणातच १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि दहा वर्षांची मर्यादा बारावर गेली. १९२३ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन नांदायला न जाणाऱ्या पत्नीच्या कैदेची तरतूद गेली. १९२९ मध्ये शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा ठरवले. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि हिंदू स्त्रीला देशभर घटस्फोटाचा अधिकार मिळाला. त्यानंतर चारच महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाईंचे निधन झाले.

गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या नवव्या कलमात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा जुना उपाय कायम राहिला. तो पती आणि पत्नी दोघांनाही खुला आहे. इंग्लंडने तो १९७० मध्ये मोडीत काढला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवले; सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये ते वैध ठरवले. अशा हुकमाची अवज्ञा करणाऱ्याला आज तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.

दिवाणी कायदा समाजाच्या मनाचा आरसा असतो, असे म्हटले जाते. रखमाबाईंच्या खटल्यात त्या आरशात बहुसंख्यांचेच मत दिसले. ते मत बदलायला कोणीतरी आधी किंमत मोजायची तयारी दाखवावी लागते. बावीस वर्षांच्या एका स्त्रीने ती दाखवली. तिच्या प्रश्नाचे उत्तर कायदा हप्त्याहप्त्याने देत आला. शेवटचा हप्ता अजून बाकी आहे.