रंगाखालचा थर

घाटकोपर-मुलुंडकडच्या जुन्या घरांत एक तरी गोदरेजचं कपाट असतंच. आमच्याकडचं आजीच्या लग्नातलं. पोचे आलेत, हँडल ढिलं झालंय, पण गंज नाही. असं का, हा प्रश्न मला तिसऱ्या वर्षाला सरफेस ट्रीटमेंट शिकताना पडला आणि मी आर्देशिर गोदरेज यांच्याविषयी वाचू लागलो.

जन्म १८६८, मुंबई. शिक्षण वकिलीचं. झांझिबारच्या एका खटल्यात सत्याला मुरड घालायची वेळ आली, तेव्हा त्यांनी वकिलीच सोडली. परत येऊन उसन्या पैशांवर शस्त्रक्रियेची उपकरणं बनवली. माल पसंत पडला, पण घेणाऱ्या इंग्रज मालकाला त्यावर भारताचं नाव नको होतं. आर्देशिर हटले नाहीत, धंदा बुडाला. १८९७ मध्ये लालबागच्या एका शेडमध्ये त्यांनी कुलपं सुरू केली, १९०२ मध्ये तिजोरी, आणि १९२३ मध्ये पोलादी कपाटं आली. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले. १९३६ मध्ये ते गेले. विक्रोळीची जमीन त्यानंतर धाकटे भाऊ पिरोजशा यांनी घेतली.

आता कपाटाकडे येऊ. फॉस्फेटिंग हा काही आर्देशिर यांचा शोध नव्हे. त्याचं पेटंट इंग्लंडच्या थॉमस कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये घेतलं. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन रायफलींचा करडा रंग याच प्रक्रियेचा. पत्र्याचं तेलकटपण आणि गंज काढायचा, धुवायचा, मग फॉस्फेटच्या द्रावणात बुडवायचा. वरचं थोडं लोखंड विरघळतं, तिथली आम्लता कमी होते आणि न विरघळणारे झिंक फॉस्फेटचे बारीक स्फटिक तिथेच घट्ट बसतात. हा थर सच्छिद्र असतो. म्हणून बंदुकीवर तो तेल धरून ठेवतो आणि कपाटावर रंग.

गंमत अशी, की हा टप्पा गाळला तरी पहिल्या दिवशी कपाट तेवढंच चकचकीत दिसतं. मुंबईचे तीन-चार पावसाळे गेले की रंग फुगतो, पापुद्रे सुटतात. तोवर गिऱ्हाईकाचे पैसे कधीच खिशात पडलेले असतात!

मला वाटतं, वकिली आणि पहिला धंदा सोडताना आर्देशिर यांनी हाच न दिसणारा थर सांभाळला. पुढच्या वर्षी आपण शॉपफ्लोअरवर असू. टप्पा गाळ, कुणाला कळतंय, असं सांगणारा कुणीतरी भेटेलच. उत्तर आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.