माफीनंतरची सात वर्षे : आल्फ्रेड ड्रायफस यांची दुसरी लढाई

तुरुंगाचा दरवाजा उघडला की कैद्याची शिक्षा संपली, असे आपण सहज मानतो. प्रत्यक्षात अनेकांच्या बाबतीत खरी कसोटी त्यानंतरच सुरू होते. हिरावलेला हुद्दा, डागाळलेले नाव आणि सरकारी दप्तरात कायमचा नोंदला गेलेला दोषीपणाचा शेरा या गोष्टी दरवाजाबरोबर आपोआप पुसल्या जात नाहीत. त्या पुसण्यासाठी अर्ज करावे लागतात, पुरावे जमवावे लागतात आणि वर्षानुवर्षे थांबावे लागते. फ्रेंच सैन्यातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस यांच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध तुलनेने कमी सांगितला जातो. त्यांचा खटला, एमिल झोलांचे जळजळीत पत्र आणि दुभंगलेला फ्रान्स हे सारे सर्वांना ठाऊक असते. पण सुटकेनंतर हा माणूस काय करत होता, हे फारसे ठाऊक नसते.

ड्रायफस यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५९ रोजी अल्सास प्रांतातील म्युलूझ येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. १८७१ मध्ये हा प्रांत जर्मनीकडे गेला तेव्हा या कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व राखले. लहान वयात पाहिलेल्या या पराभवामुळेच आल्फ्रेड यांना सैन्याची ओढ लागली. तोफखान्यात अधिकारी झालेले ड्रायफस १८८९ मध्ये कॅप्टन झाले. पुढच्याच वर्षी ल्युसी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पिएर आणि जान ही दोन मुले झाली. पॅरिसच्या लष्करी मुख्यालयात उमेदवारी करत असतानाच, १५ ऑक्टोबर १८९४ रोजी, त्यांना अटक झाली. जर्मन वकिलातीत सापडलेल्या एका चिठ्ठीतील हस्ताक्षर त्यांच्या हस्ताक्षरासारखे दिसते, एवढाच काय तो आधार होता.

डिसेंबरमध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना देशद्रोही ठरवले. आरोपीला आणि त्याच्या वकिलाला कधीही न दाखवलेली कागदपत्रे न्यायाधीशांच्या हाती गुपचूप सोपवण्यात आली होती. ५ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या लष्करी विद्यालयाच्या प्रांगणात सर्वांदेखत त्यांच्या गणवेशावरची पदचिन्हे उपटण्यात आली, तलवार मोडण्यात आली. मग त्यांची रवानगी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यालगतच्या डेव्हिल्स आयलंडवर झाली. तेथे ते चार वर्षांहून अधिक काळ एकाकी कैदेत होते. १८९६ मध्ये काही आठवडे रात्रीच्या वेळी त्यांचे पाय बेड्यांत जखडून ठेवले जात.

इकडे ल्युसी आणि थोरले बंधू मात्यू यांनी हार मानली नाही. हेरखात्याचे प्रमुख पिकार यांना १८९६ मध्ये खरा गुन्हेगार मेजर एस्तेरहाझी असल्याचे आढळले. पण वरिष्ठांनी पिकार यांनाच दूर पाठवले आणि पुढे तुरुंगात टाकले. १३ जानेवारी १८९८ रोजी झोला यांचे राष्ट्राध्यक्षांना लिहिलेले अनावृत पत्र प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी कर्नल आंरी याने बनावट कागद तयार केल्याचे उघड झाले आणि त्याने कोठडीत आत्महत्या केली. अखेर ३ जून १८९९ रोजी सर्वोच्च अपील न्यायालयाने पहिला निकाल रद्द करून रेन शहरात नव्याने खटला चालवण्याचा आदेश दिला. ड्रायफस मायदेशी परतले. मात्र ९ सप्टेंबर १८९९ रोजी रेनच्या लष्करी न्यायालयाने त्यांना पाच विरुद्ध दोन मतांनी पुन्हा दोषी ठरवले. या वेळी सौम्यतेची कारणे असल्याचे नमूद करून दहा वर्षांची शिक्षा झाली. देशद्रोहाला सौम्यतेची कारणे कोणती असू शकतात, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

यातून वाट काढण्यासाठी सरकारने माफी देऊ केली. त्यासाठी ड्रायफस यांना आपले अपील मागे घ्यावे लागणार होते. त्यांच्या पाठीराख्यांमध्ये यावरून तीव्र मतभेद झाले. निरपराध माणसाने माफी स्वीकारणे म्हणजे गुन्हा कबूल करणेच होय, असे क्लेमांसो आदींना वाटत होते. मात्यूंना मात्र तापाने खंगलेला भाऊ आणखी एका कैदेत जगणार नाही, याची भीती होती. शेवटी अपील मागे घेतले गेले आणि १९ सप्टेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष लुबे यांनी माफीच्या आदेशावर सही केली. सुटकेनंतर लगेचच ड्रायफस यांनी जाहीर निवेदन काढून स्पष्ट केले की, इभ्रतीवाचूनच्या स्वातंत्र्याला आपण किंमत देत नाही आणि न्यायालयीन चूक दुरुस्त होईपर्यंत आपण स्वस्थ बसणार नाही.

माफीचा नेमका अर्थ काय होता, हे समजून घेतले पाहिजे. तिने उरलेली शिक्षा रद्द केली. पण दोषी असल्याचा निकाल जसाच्या तसा राहिला. सैन्यातील स्थान परत मिळाले नाही. कायद्याच्या नजरेत ड्रायफस हे सरकारच्या कृपेने मोकळे फिरणारे देशद्रोही होते. ते दक्षिणेतील कार्पान्त्रा येथे बहिणीच्या घरी राहिले, काही काळ जिनिव्हाजवळ राहिले. १९०१ मध्ये त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले.

दरम्यान डिसेंबर १९०० मध्ये संसदेने या प्रकरणाशी संबंधित सर्व कृत्यांना अभय देणारा कायदा केला. ड्रायफस यांनी सिनेटला पत्र लिहून त्याला आधीच विरोध केला होता. या कायद्यामुळे बनावट पुरावे रचणारे अधिकारी सुटणार होते आणि त्यांच्यावरील खटल्यांतून सत्य बाहेर येण्याची वाटही बंद होणार होती. ड्रायफस यांचा फेरविचार मागण्याचा हक्क मात्र शाबूत राहिला.

पण हा हक्क बजावणे सोपे नव्हते. निकालाच्या वेळी न्यायालयापुढे नसलेली नवी वस्तुस्थिती दाखवता आली, तरच फेरविचाराचा अर्ज ग्राह्य धरला जाई. निकाल अन्यायकारक आहे, एवढे म्हणून भागत नव्हते. एप्रिल १९०३ मध्ये समाजवादी नेते जाँ जोरेस यांनी संसदेत हा विषय पुन्हा उकरून काढला. युद्धमंत्री जनरल आंद्रे यांनी कॅप्टन तार्ज यांना जुने दप्तर तपासायला सांगितले. तार्ज यांनी एकेक कागद चाळला. एका पत्रात मूळ आद्याक्षर खोडून त्या जागी ड्रायफस यांच्या नावाचे आद्याक्षर लिहिलेले आढळले. दुसऱ्या एका कागदावर १८९५ ऐवजी १८९४ ची तारीख घातलेली होती. खऱ्या तारखेला तर ड्रायफस कैदेत होते! ज्या दप्तराने त्यांना बुडवले, त्याच दप्तरात त्यांच्या सुटकेचा पुरावा दडला होता.

२६ नोव्हेंबर १९०३ रोजी ड्रायफस यांनी न्यायमंत्र्यांकडे रीतसर अर्ज सादर केला. मार्च १९०४ मध्ये तो ग्राह्य ठरला. त्यानंतर चौकशी, साक्षी आणि कागदपत्रांची छाननी यात आणखी दोन वर्षे गेली. १२ जुलै १९०६ रोजी सर्वोच्च अपील न्यायालयाच्या एकत्रित पीठाने रेनचा निकाल रद्द केला. प्रकरण पुन्हा लष्करी न्यायालयाकडे पाठवण्यात आले नाही, हे महत्त्वाचे. आरोपांत तथ्यच उरत नसल्याने नव्या खटल्याची गरज नाही, असे न्यायालयाने ठरवले. तिसऱ्यांदा लष्करी न्यायाधीशांपुढे उभे राहण्याचा धोका त्यामुळे टळला.

या निकालपत्राचा शेवटचा भाग मुद्दाम लक्षात घेण्याजोगा आहे. निकाल पॅरिस आणि रेन येथे जाहीरपणे लावावा, राजपत्रात छापावा, तसेच ड्रायफस निवडतील त्या पाच वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावा, असा आदेश होता. शिवाय पॅरिस आणि प्रांतांतील पन्नास वृत्तपत्रांत सरकारी खर्चाने तो छापून आणण्याची मुभा त्यांना मिळाली. ज्यांची बदनामी चव्हाट्यावर झाली, त्यांचे निर्दोषत्वही चव्हाट्यावर पोहोचावे, हा त्यामागचा विचार होता. कायद्यानुसार नुकसानभरपाई मागण्याचा अधिकारही होता. ड्रायफस यांनी तो सोडून दिला आणि निकालपत्रात तशी नोंद झाली. त्यांना पैसा नको होता.

त्यांना हवी होती ती आपली नोकरी. दुसऱ्याच दिवशी संसदेने त्यांना पुन्हा सैन्यात घेऊन मेजरच्या हुद्द्यावर नेमले. त्याच महिन्यात लष्करी विद्यालयाच्या आवारात, पण अपमान झाला त्याहून वेगळ्या आणि लहान चौकात, त्यांना लीजन ऑफ ऑनर हा बहुमान देण्यात आला. मात्र इथेच एक सल राहून गेली. त्यांची ज्येष्ठता नव्या कायद्याच्या तारखेपासून मोजली गेली. मध्ये गेलेली वर्षे हिशेबात धरली नाहीत. त्याच वेळी ब्रिगेडियर जनरल झालेल्या पिकार यांना मात्र १९०३ पासूनची ज्येष्ठता मिळाली. सेवाज्येष्ठतेचे मोल नोकरदार वाचकांना सांगायला नको. पुढच्या बढतीचा मार्गच त्यामुळे जवळजवळ बंद झाला. ऑक्टोबर १९०६ मध्ये पिकार युद्धमंत्री झाले. ड्रायफस यांनी त्यांच्याकडे दाद मागितली. परंतु आता काही करता येणार नाही, अशीच पिकार यांची भूमिका राहिली. १९०७ मध्ये ड्रायफस निवृत्त झाले.

कागदावरचा डाग पुसला तरी मनांतला पुसतोच असे नाही. ४ जून १९०८ रोजी झोला यांच्या अस्थी पँथिऑनमध्ये नेल्या जात असताना ग्रेगोरी नावाच्या पत्रकाराने ड्रायफस यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते दंडावर जखमी झाले. हल्लेखोराला न्यायालयाने निर्दोष सोडले.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा ड्रायफस ५४ वर्षांचे होते. ते पुन्हा तोफखान्यात रुजू झाले आणि १९१७ मध्ये आघाडीवरही गेले. १९१८ मध्ये राखीव दलात लेफ्टनंट कर्नल झाले. ज्या सैन्याने त्यांना हाकलले, त्याच्याविषयी त्यांनी अखेरपर्यंत निष्ठा राखली. १२ जुलै १९३५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. निर्दोष ठरल्याला त्या दिवशी बरोबर २९ वर्षे होत होती.

सेवापुस्तकातील ती चूक मात्र तशीच राहिली होती. २०२५ मध्ये फ्रेंच संसदेच्या दोन्ही सभागृहांनी कायदा संमत करून ड्रायफस यांना मरणोत्तर ब्रिगेडियर जनरल हा हुद्दा दिला. माफीचा आदेश निघायला रेनच्या निकालानंतर दहा दिवस लागले होते. निर्दोषत्वाचा कागद मिळायला जवळपास सात वर्षे लागली. हिरावलेल्या ज्येष्ठतेची भरपाई व्हायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली आणि तोवर ती स्वीकारायला ते हयात नव्हते.