दिवाणखान्यातील सेनापती

एच. जी. वेल्स हे नाव उच्चारताच ‘द टाइम मशीन’, ‘द इनव्हिजिबल मॅन’ आणि ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ या कादंबऱ्या आठवतात. परंतु टेबलावर सैन्य मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांच्या छंदाचे जनकत्वही बव्हंशी याच लेखकाकडे जाते, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते.

वेल्स यांचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या ब्रॉमली येथे झाला. वडील जोसेफ लहानसे दुकान चालवीत आणि व्यावसायिक क्रिकेट खेळत. १८६२ मध्ये ससेक्सविरुद्ध त्यांनी लागोपाठच्या चार चेंडूंवर चार गडी बाद केले होते. घरची परिस्थिती मात्र बेताचीच होती. बालपणी पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या वेल्स यांना पुस्तकांची गोडी लागली, ती कायमची. पुढे कापडाच्या दुकानात उमेदवारी करावी लागली. १८८४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनला टी. एच. हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्र शिकू लागले. १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’ प्रसिद्ध झाले आणि त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले.

युद्धाचे खेळ त्यापूर्वीही होते. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून ‘क्रीगश्पील’ नकाशावर खेळला जाई. तो होता अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी, किचकट आणि रुक्ष. वेल्स यांचा खेळ जन्मला तो सॅंडगेट येथील घरी, भोजनानंतरच्या गप्पांत. मुलांची खेळणी इतस्ततः पसरली होती. स्प्रिंगवर चालणारी छोटी तोफ उचलून एका स्नेह्याने शिशाचा शिपाई नेमका टिपला. हा स्नेही म्हणजे विनोदी लेखक जेरोम के. जेरोम, असे मानले जाते. मग पैज लागली आणि पैजेतून नियम घडत गेले.

१९११ मध्ये ‘फ्लोअर गेम्स’ आणि १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ ही पुस्तके आली. खेळाची मांडणी साधी होती. जमिनीवर ठोकळ्यांची घरे आणि डहाळ्यांची झाडे उभारायची. एका चालीत पायदळाने एक फूट, तर घोडदळाने दोन फूट सरकायचे. चालीला घड्याळाचे बंधन होते: दर तीस शिपायांमागे एक मिनिट आणि दर तोफेमागे एक मिनिट. फासे नव्हतेच. तोफेतून सुटलेल्या लाकडी गोळीने जो शिपाई आडवा होई, तो मेला.

या खेळात रमलेल्या वेल्स यांना खऱ्या युद्धाचा मनस्वी तिटकारा होता. ‘लिटल वॉर्स’च्या अखेरीस त्यांनी तो स्पष्टपणे मांडला. खेळातल्या लढाईतही माणूस किती चुका करतो, हे ज्याने अनुभवले, त्याला खऱ्या रणांगणावरील अनर्थाची कल्पना यावी, अशी त्यांची धारणा होती. युद्धाची खुमखुमी असलेल्यांनी ती शिशाच्या शिपायांवर भागवावी, हे त्यांचे सांगणे होते.

जगाने ते ऐकले नाही. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. आणि विस्मयाची गोष्ट अशी की, वेल्स यांनीच त्या युद्धाचे जोरदार समर्थन केले. जर्मन लष्करशाहीचा पाडाव झाला की युद्धेच संपतील, या आशेने त्यांनी १९१४ मध्ये ‘द वॉर दॅट विल एंड वॉर’ हे पुस्तक लिहिले. १९१८ मध्ये त्यांनी सरकारी प्रचारखात्यातही काम केले. ती आशा फोल ठरली. १९१४ च्याच ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत त्यांनी अणुबॉम्बची कल्पना केली होती. १९४५ मध्ये हिरोशिमाची राख झालेली त्यांना पाहावी लागली. पुढच्याच वर्षी, १३ ऑगस्ट १९४६ रोजी, लंडन येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा खेळ मात्र जगला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटन-अमेरिकेत या छंदाची मंडळे उभी राहिली. गॅरी गायगॅक्स यांनी १९७१ मध्ये सहलेखकासोबत ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा खेळ रचला. त्यातूनच १९७४ मध्ये, डेव्ह आर्नसन यांच्या साथीने, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अद्भुतरम्य खेळ साकारला. २००४ मध्ये ‘लिटल वॉर्स’च्या नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहून गायगॅक्स यांनी हे ऋण मान्य केले.

आज लाखो लोक टेबलावर सैन्ये भिडवतात आणि डाव संपताच मेलेले शिपाई पुन्हा डबीत ठेवतात. खऱ्या रणांगणावर ही सोय नसते. वेल्स यांना सांगायचे होते ते एवढेच. मात्र ऐन कसोटीच्या क्षणी त्यांनाही त्याचे विस्मरण झाले.