विश्लेषण : भयकथेच्या खेळात लढण्यापेक्षा पळणे शहाणपणाचे का?

एच. पी. लव्हक्राफ्ट यांचा जन्म १८९० मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्सचा. ते तीन वर्षांचेही नसताना वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावे लागले; १८९८ मध्ये ते तिथेच वारले. पुढे आईही त्याच रुग्णालयात दाखल झाली आणि १९२१ मध्ये गेली.

त्यांच्या कथांतले नायक सहसा शस्त्राने जिंकत नाहीत. भयंकर सत्य कळताच त्यांचे मन ढासळते. ‘द कॉल ऑफ कथुलू’ १९२८ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात आली. लेखनातील वर्णद्वेषामुळे त्यांच्यावर आजही टीका होते. १९३७ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते गरिबीत होते.

खेळात काय घडते?

त्याच कथेच्या नावाचा खेळ १९८१ मध्ये आला. त्यात जखमांबरोबर मनःस्वास्थ्याचेही गुण मोजतात; राक्षस नुसता दिसला तरी ते घटू शकतात. बंदुकीच्या एका गोळीनेही पात्र मरू शकते. म्हणून खेळ चालवणाऱ्याने चपळाईच्या गुणांनुसार पाळ्या आधीच लिहून ठेवाव्यात, चकमक थोडक्यात आटपावी आणि पळायला एक वाट मोकळी ठेवावी. जीव वाचला, तरच तपास पुढे सरकतो.