जे. बी. एस. हाल्डेन: पाण्याखालच्या दाबाचे प्रयोग स्वतःवर करणारा शास्त्रज्ञ

सुट्ट्या जवळ आल्या की जुन्नर-आंबेगाव भागातूनही आता थायलंड, बाली, मालदीवची तयारी सुरू होते आणि काही जण दवाखान्यात एक फॉर्म घेऊन येतात. स्कुबा डायव्हिंगचा. दमा आहे का, कानाचे ऑपरेशन झाले आहे का, कधी फिट आली होती का, असे प्रश्न त्यात असतात. एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले की डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते. मग सगळीकडे ‘नाही’ लिहिले तर चालेल का, असे विचारले जाते. हे प्रश्न कशासाठी असतात ते समजायला जे. बी. एस. हाल्डेन यांचे आयुष्य फार उपयोगी आहे.

त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ चा, ऑक्सफर्डचा. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनाचे मोठे अभ्यासक होते आणि मुलाला प्रयोगात ओढायला त्यांना काही वाटत नसे. एकदा कोळशाच्या खाणीत त्यांनी मुलाला उभे राहून शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला लावले. मिथेन वायू हलका असल्याने छताजवळ साठतो. मुलगा भाषण म्हणता म्हणता खाली कोसळला आणि जमिनीलगतच्या चांगल्या हवेत सावरला. १९०६ मध्ये, तेराव्या वर्षी, त्याला पाणबुड्याचा पोशाख घालून स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवले. पोशाख मापापेक्षा मोठा होता, त्यामुळे आत पाणी शिरले. आज कोणताही बाप असे करू धजणार नाही, आणि ते बरेच आहे.

वडील त्या काळात ब्रिटिश नौदलासाठी एक कोडे सोडवत होते. खोलवर गेलेला पाणबुड्या भराभर वर आला की त्याचे सांधे दुखत, पाय लुळे पडत, कधी मृत्यू येई. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि चरबीत विरघळतो. दाब एकदम कमी झाला की सोडा बाटलीचे झाकण उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. बकऱ्यांवर प्रयोग करून जॉन हाल्डेन यांनी टप्प्याटप्प्याने वर येण्याचे कोष्टक बसवले. ते १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले.

मुलगा पुढे पहिल्या महायुद्धात लढला, मेसोपोटेमियात जखमी झाला आणि बरा होण्यासाठी भारतात आला. हा देश त्यांना तेव्हाच आवडला. पुढची दोन दशके त्यांनी आनुवंशिकतेच्या गणितात मोठे नाव मिळवले. तो विषय इथे बाजूला ठेवू.

१ जून १९३९ ला ‘थेटिस’ ही ब्रिटिश पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडाली. ९९ जण गेले, फक्त चौघे बाहेर पडू शकले. पाणबुडीतून सुटताना शरीराचे काय होते हे शोधण्यासाठी हाल्डेन आणि त्यांचे सहकारी स्वतःच पोलादी दाब-कक्षात बसू लागले. दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतल्यावर फिट येते हे त्यांनी स्वतः अनुभवले. अशाच एका फिटमध्ये त्यांच्या पाठीचे मणके दबले आणि पाठदुखी कायमची मागे लागली. कानाचा पडदाही फाटला.

(सहलीतल्या टाकीत शक्यतो साधी दाबलेली हवाच असते. आपण तिला ‘ऑक्सिजनची टाकी’ म्हणतो, ते बरोबर नाही.)

आता पुन्हा फॉर्मकडे पाहा. कोरड्या कक्षात फिट आली तर मणक्यावर भागते, पाण्याखाली आली तर तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो. पडद्याला छिद्र असलेल्या कानात थंड पाणी शिरले की भोवळ येते आणि वर-खाली कळेनासे होते. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे भरलेला श्वास रोखून वर आले तर फुप्फुसातली हवा दुप्पट फुगू पाहते. दम्याने आकसलेल्या नळ्यांमागे किंवा जुन्या क्षयाच्या पोकळीत ती अडकली तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून टीबी होऊन गेला असेल, तर गोळ्या कधीच संपल्या असल्या तरी सांगा आणि छातीचा एक्स-रे आणा. पंचेचाळिशीनंतर रक्तदाब, कोलेस्टेरॉल किंवा सिगारेट असेल तर हृदयाची तपासणी लागते. गरोदरपणात डायव्हिंग नकोच. सर्दीने कान बंद असतील तर त्या दिवशी उतरू नका.

तपासणी निघण्याआधी निदान महिनाभर करा. किनाऱ्यावर पैसे भरून झाल्यावर नाही म्हणणे जड जाते. फॉर्म खोटा भरला असेल तर विम्याचा दावाही अडू शकतो. काही पॉलिसींमध्ये डायव्हिंग मुळातच वगळलेले असते, तेही आधी वाचून घ्या.

परतीचा मुद्दा आपल्या भागासाठी वेगळा आहे. एका साध्या डाइव्हनंतर निदान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्यावर निदान १८ तास विमानात बसू नये, असा सल्ला आहे. हाच नियम समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या रस्त्यालाही लागतो. जुन्नर जवळपास ७०० मीटरवर आहे, भीमाशंकर त्याहून बरेच वर. सकाळी तारकर्लीला डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढणे म्हणजे शरीराच्या दृष्टीने विमानात बसण्यासारखेच. घरी आल्यावर सांधे दुखले, हातापायाला मुंग्या आल्या, चालताना तोल गेला किंवा लघवी अडली, तर ती प्रवासाची दगदग समजू नका. ताबडतोब दवाखाना गाठा आणि डाइव्ह केल्याचे आधी सांगा. सुरुवातीचा उपचार ऑक्सिजन असतो आणि पुढे दाब-कक्ष लागू शकतो.

हाल्डेन १९५७ मध्ये भारतात कायमचे राहायला आले. आधी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि पुढे भुवनेश्वरमध्ये त्यांनी काम केले. भारताचे नागरिकत्व घेतले, कुर्ता घालू लागले, शाकाहारी झाले. शेवटी आतड्याच्या कॅन्सरने १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाडाच्या रंगराय मेडिकल कॉलेजला अभ्यासासाठी देण्यात आला.