ऑस्कर मिशो : आपली गोष्ट आपणच सांगणारा दिग्दर्शक

बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते त्याच काळात, १९१५ साली, अमेरिकेत 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा सिनेमा आला. त्यात कु क्लक्स क्लान या वर्णद्वेषी टोळीला तारणहार ठरवले होते आणि कृष्णवर्णीय माणसाला गुन्हेगार. ठिकठिकाणी निदर्शने झाली, तरी सिनेमा तुफान चालला. आपल्यापैकी अनेकांना एवढे ठाऊक असते. त्याला पडद्यावरूनच उत्तर देणारा माणूस मात्र आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही. तो ऑस्कर मिशो.

जन्म २ जानेवारी १८८४, इलिनॉय राज्यातल्या मेट्रोपोलिस गावाजवळ. वडील जन्माने गुलाम. तरुणपणी मिशो शिकागोत आला, बूट पॉलिश केले, मग पुलमन रेल्वेगाड्यांत पोर्टर झाला. गोऱ्या प्रवाशांच्या दिमतीला राहून त्याने देश पाहिला, पैसा साठवला आणि साउथ डाकोटात शेतजमीन घेतली. आजूबाजूला सगळे गोरे शेतकरी. पुढे दुष्काळात आणि मोडलेल्या संसारात ती जमीन गेली. हा अनुभव त्याने १९१३ साली कादंबरीत लिहिला आणि पुस्तके दारोदार फिरून स्वतः विकली.

'द होमस्टेडर' या त्याच्या दुसऱ्या एका कादंबरीवर सिनेमा काढायला एक कृष्णवर्णीय कंपनी तयार होती. दिग्दर्शन मीच करणार, अशी मिशोची अट होती. कॅमेऱ्याचा अनुभव शून्य! बोलणी फिसकटली. मग त्याने स्वतःची कंपनी काढली, सू सिटीच्या आसपासच्या शेतकऱ्यांना शेअर विकले आणि १९१९ साली सिनेमा शिकागोत लावला. कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा पूर्ण लांबीचा तो पहिला चित्रपट मानला जातो.

पण खरा घाव १९२० च्या 'विदिन अवर गेट्स'ने घातला. कृष्णवर्णीय मुलांची शाळा बंद पडू नये म्हणून एक शिक्षिका उत्तरेत निधी गोळा करायला जाते, अशी कथा. मग तिचा भूतकाळ उलगडतो. तिला वाढवणारा बाप कुळाने शेती करणारा. मुलीला शिकवलेले असल्यामुळे तो जमीनदाराकडे चोख हिशेब घेऊन जातो. तिथे जमीनदाराचा खून होतो, आळ याच्यावर येतो आणि जमाव नवरा-बायको दोघांना फासावर लटकवतो. हिशेब मागणे हाच गुन्हा, हे कुणी आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. शिकागोत आदल्याच उन्हाळ्यात वांशिक दंगलीत ३८ माणसे मेली होती. सेन्सॉर घाबरले, पुन्हा दंगल पेटेल म्हणाले. कितीतरी ठिकाणी दृश्ये कापली गेली.

मिशोने तीस वर्षांत चाळीसच्या वर चित्रपट काढले. स्टुडिओ नाही, बँक नाही. तो स्वतः गावोगाव थिएटरमालकांना भेटायचा, आगाऊ रक्कम घ्यायचा आणि त्यावर पुढचे काम उभे करायचा. १९२८ मध्ये दिवाळे निघाले, तरी १९३१ मध्ये बोलपट काढलाच. पॉल रोबसन पडद्यावर प्रथम दिसला तो मिशोच्याच 'बॉडी अँड सोल'मध्ये, १९२५ साली, आणि तोही भोळ्या भक्तांना लुबाडणाऱ्या धर्मोपदेशकाच्या भूमिकेत. स्वतःच्या समाजातल्या भोंदूंना त्याने सोडले नाही, याचे आम्हाला विशेष वाटते.

त्याची भक्ती मात्र आम्ही करणार नाही. त्याचे नायक-नायिका बहुधा उजळ कातडीचे असत. १९३८ च्या 'गॉड्स स्टेप चिल्ड्रन'विरुद्ध त्याच्याच समाजातल्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये निदर्शने केली, आणि आमच्या मते ती रास्त होती. घाईत, तुटपुंज्या पैशांत केलेले चित्रीकरणही जागोजागी कच्चे दिसते.

१९४८ चा 'द बिट्रेयल' साफ पडला. २५ मार्च १९५१ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहरात मिशो वारला. त्याचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. 'विदिन अवर गेट्स'सुद्धा गेलाच असे लोक धरून चालले होते. पुढे स्पेनच्या चित्रपट संग्रहालयात 'ला नेग्रा' नावाची एक प्रत निघाली. तिच्यावरच्या स्पॅनिश पाट्या परत इंग्रजीत करून १९९३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो चित्रपट पुन्हा उभा केला. मूकपट आहे, सव्वा तासाच्या आसपास संपतो आणि इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो.